सप्त्यातली काळी तार

या, जवळ या. तिकडे खांबाला टेकून बसू नका, गोष्ट ऐकायची तर गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे. टाळ जरा मांडीवर ठेवा. महाराज यायला अजून वेळ आहे, तोवर मी तुम्हाला एका सप्त्याची गोष्ट सांगतो. संशयाची गोष्ट आहे. देवाच्या मांडवातही संशय येतो बरं का, चपला बाहेर काढून येत नाही एवढंच.

गाव रनाळ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण त्या गावात मला अजून चहाला जायचं असतं. दत्तजयंतीचा सप्ता. सारंगखेड्याची यात्रा तोंडावर, पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, मिरच्या वाळत घातलेल्या, हवेत अशी ठसक की पखवाजवाला मध्येच शिंकायचा आणि टाळकरी त्याची ती शिंकसुद्धा तालात घ्यायचे.

सप्त्याचे कारभारी हेमकांत नाना. वय साठीच्या घरात, मिरचीच्या पथारीवर पोती शिवण्यात आणि बांधण्यात जन्म गेलेला, गळा गोड, हाती वीणा. नानांनी वीणा घेतली की मांडवातली लेकरं आपोआप गप्प बसत. भक्ती खरी होती, त्यात खोट नाही. पण स्वभाव संशयी. प्रसादाच्या बुंदीत मीठ जास्त झालं तरी नाना आधी विचारत, "कोन टाकी गया व्हई?" चूक झाली असं त्यांच्या मनात यायचंच नाही. कुणीतरी केली, असंच यायचं.

आता या गावची एक रीत ध्यानात घ्या. गावात तीन गल्ल्या: वरली, मधली, खालची. सप्त्याला वीजमंडळाकडून तात्पुरतं थ्री-फेजचं मीटर घ्यायचे आणि एकेका गल्लीला एकेक फेज वाटून द्यायचे. वरलीची लाल, मधलीची पिवळी, खालचीची निळी. आपल्या लाईनवर आपल्याच गल्लीचे दिवे. दुसऱ्या गल्लीचा एक बल्ब आपल्या लाईनवर लावू द्यायचा नाही आणि आपला दुसऱ्याकडे न्यायचा नाही. वर्षानुवर्षं असंच. कुणाची आरास मोठी, यावरून पुढचा सगळा उन्हाळा पारावर बोलायला विषय.

त्या वर्षी वरल्या गल्लीच्या छगनने कुठल्याशा लग्नाच्या मांडवातले आठ मोठे हॅलोजन फोकस आणले. एकेक असा, की खाली उभं राहिलं तर डोकं तापावं. मधल्या गल्लीवर कीर्तनाचा मंच, ट्यूबलाईट आणि माईकचं मशीन. आणि खालच्या गल्लीचे, म्हणजे नानांचे, फक्त नऊ पिवळे बल्ब, बायकांच्या बाजूला. नाना म्हणत, "देवाजोडे समईसारखा उजेड पाहिजे. फोकस काय, क्रिकेट खेयनं शे का?"

वायरिंगला शहाद्याच्या मंडपवाल्याने माणूस पाठवला होता, खात्या. धडगावच्या वरच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. वय असेल अठ्ठावीस. आश्रमशाळेत शिकलेला, नंतर आयटीआय, आणि सहा महिन्यांपूर्वीच वायरमनचं लायसन हाती आलेलं. त्याचे दोन्ही भाऊ दिवाळी झाली की ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसत ते होळीलाच परत येत. खात्या तेवढा ट्रकमधून उतरला होता. ते लायसन तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा.

गंमत अशी, की गावात सगळे अहिराणी बोलणार आणि हा पहाडातला माणूस शाळेच्या पुस्तकासारखं मराठी.

"नानासाहेब," पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "तिन्ही फेजवर भार सारखा असावा अशी माझी विनंती आहे. आठ फोकस एकाच लाईनवर नकोत. तीन इकडे, तीन तिकडे, दोन तुमच्याकडे देतो."

"वरली गल्लीना फोकस आमनी लाईनवर?" नाना म्हणाले. "मंग आमनं नाक कोठे टांगशी?"

छगनकडे गेला तर छगन म्हणाला, "मन्हा फोकस मन्हीच लाईनवर राहतीन. तू फक्त तार बांध, भाऊ."

खात्याने मान हलवली आणि देवळामागच्या मीटरपासून मांडवातल्या बटणांच्या फळ्यापर्यंत चार तारा बांधल्या. लाल, पिवळी, निळी, काळी. नानांनी मनात नोंद केली: पोरगा साहेबासारखा बोलतो. असा बोलणारा माणूस वायरी ओढायला कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी हरिपाठाला वरल्या गल्लीचे आठही फोकस एकदम गेले. मधली जशीच्या तशी, खालची जशीच्या तशी, आणि छगनची बाजू काळोखात. खालच्या गल्लीत जो हशा पिकला!

"छगन, तुन्हा देव अंधारामा बसना रे!"

"यास्नी फेज गयी ना भो!"

खात्याने पाच मिनिटांत फ्यूज बदलला. "एक फेज गेली," तो सगळ्यांना समजावू लागला, "की फक्त तिच्यावरचे दिवे जातात. बाकीच्यांना काही होत नाही. काळजी नसावी."

छगनला काळजी नव्हती, राग होता. तो नानांसमोर येऊन म्हणाला, "हाशी ल्या नाना, हाशी ल्या. आज आमनं गयं. उद्या कोनं जाई ते दखज्यात."

झालं. हे एक वाक्य नानांच्या कानात जाऊन बसलं ते निघेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी खात्याला छगनबरोबर हॉटेलवर चहा पिताना पाहिलं. छगन हातवारे करत होता, खात्या मान हलवत होता. हो म्हणत होता की नाही, ते लांबून कळेना. मग खात्या बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला, त्याच्या घरच्या भाषेत. नाना मुद्दाम जवळून गेले. एक शब्द कळला नाही. न कळणाऱ्या भाषेत माणूस आपल्याबद्दलच बोलत असतो, असं संशयी माणसाला नेहमीच वाटतं.

घरी बहिणीला म्हणाले, "अक्का, काहीतरी शिजी ऱ्हायनं."

दगूबाई नानांहून सात वर्षांनी मोठी. सप्त्याच्या स्वयंपाकाची सगळी सूत्रं तिच्याकडे. ती परातीतलं पीठ मळत म्हणाली, "हाव, शिजी ऱ्हायनं. तुरनी दाय. तुले काय वाटनं?"

चौथा दिवस. सूर्य मावळायला आलेला, हरिपाठ अर्ध्यावर. तिन्ही गल्ल्यांचे दिवे लागलेले. टाळ असे एका सुरात की शंभर माणसांचा एकच हात वाजतोय असं वाटावं. नानांचे डोळे मिटलेले, वीणा छातीशी.

आणि एकाएकी मिटल्या पापणीवर ऊन पडावं तसा उजेड पडला.

नानांनी डोळे उघडले. त्यांचे नऊ पिवळे बल्ब पांढरेशुभ्र झाले होते. बघवेना, असे. बायकांनी डोक्यावरचा पदर डोळ्यांवर ओढला. इकडे बल्ब पेटलेत, तर तिकडे छगनचे आठ फोकस विझत आलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यासारखे लालसर. मधल्या गल्लीच्या ट्यूब झणझणू लागल्या, माईकने एक किंकाळी फोडली आणि मशीनमधून जळका वास सुटला.

"छगन!" नाना ओरडले. "काय करी ऱ्हायना तू?"

छगन फळ्याजवळच उभा होता. "मी काय करी ऱ्हायनू? मन्हा फोकस दखा, मरी ऱ्हायनात! तुम्हीच ओढी ल्हेनात आमना करंट!"

"बंद कर तुन्हा फोकस!"

छगनने रागाने आपल्या लाईनचं बटण खाली केलं. आणि बघा, नानांचे बल्ब क्षणात निवले. पुन्हा पिवळे, पुन्हा समईसारखे. सगळ्या मांडवाने हे पाहिलं.

"दखा!" नाना म्हणाले. "दखा, बठ्ठाजन दखा! यानं बंद करं तं आमनं बरं!"

"मंग मी अंधारामा बसू का?" म्हणत छगनने बटण पुन्हा वर केलं. फाट! पहिला बल्ब फुटला. बायका किंचाळत बाजूला सरल्या. फाट, दुसरा. एक फुटला की उरलेले आणखीनच पांढरे होत. तेवढ्यात खात्या मागून धावत आला, त्याने कुणाला काही न विचारता मेन स्विच खाली ओढला आणि सगळा मांडव संधिप्रकाशात बुडाला.

कुणाला लागलं नव्हतं, देवाची कृपा. पण नानांच्या मनात आता एकेक मणी ओवला जात होता. छगन बोलला होता, उद्या कोनं जाई. छगन फळ्याजवळ उभा होता. छगनने बटण दाबलं की आमचे बल्ब फुटले. खात्याने त्याच्याबरोबर चहा घेतला. आणि खात्यानेच मेन बंद केला. कशाला? पुरावा झाकायला.

"आता लगेच काही सांगता येणार नाही," खात्या म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "पण फेज गेलेली नाही, हे नक्की. मला वाटतं न्यूट्रल सुटला आहे. एवढ्या माणसांत तारा तपासणं धोक्याचं. सकाळी उजेडात बघतो."

"सकायपावत तू बठ्ठं पुसी टाकशी," नाना म्हणाले. त्यांनी फळ्याच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

त्या दिवशीचं कीर्तन समयांच्या उजेडात झालं, विनामाईक. महाराजांनी घसा ताणून केलं आणि खरं सांगू, फार रसाळ झालं. पण नानांचं चित्त निरूपणात नव्हतं. ते मंचामागे बसून पत्र लिहीत होते. मंडपवाल्याला, आणि त्याच्या हातून लायसन देणाऱ्या कचेरीला. "सदर इसमाने वरल्या गल्लीच्या छगनशी संगनमत करून," अशी सुरुवात. मग छगनचं नाव खोडावं लागलं, कारण छगन गावचा, उद्या परवा सोयरिकीत भेटणारा. मग उरला एकटा खात्या. "सदर इसमाने हेतुपुरस्सर." गंमत पाहा, तेच पत्र घेऊन गेले तर छगननेही सही केली. त्यालाही कुणीतरी दोषी हवाच होता. तिन्ही गल्ल्यांच्या नऊ सह्या झाल्या. मंडपवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप घेऊन येणार होता. पत्र त्याच्या हातात द्यायचं ठरलं.

खात्याला हे कळलं. कसं नाही कळणार? त्याने शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "लायसन गेलं तर मी पुन्हा ट्रकमध्ये बसेन, नाना. मला सकाळी तपासू तरी द्या."

सकाळी काकडा आटोपल्यावर नानांनी कुलूप काढलं आणि खात्याच्या मागे सावलीसारखे उभे राहिले. खात्याने मीटरजवळचा मेन बंद असल्याची खात्री केली, दोनदा. मग दोऱ्यासारख्या वायरी लोंबणारं एक छोटं यंत्र काढलं. तार सलग असली की ते वाजतं. लाल तारेला लावलं, टुंई. पिवळीला, टुंई. निळीला, टुंई. काळीला लावलं. यंत्र गप्प.

"हीच," खात्या म्हणाला.

"हाई तं काई शे. हाईनामा करंटच नही राहत ना?" काई म्हणजे काळी. नानांनी डोळे बारीक केले. त्यांना वाटलं, हा आपल्याला वेड्यात काढतोय.

खात्या खाली बसला. "नाना, असं बघा. तुमच्या तीन गल्ल्यांतून माणसं तीन वाटांनी मांडवात येतात. पण घरी परतायला वाट एकच, देवळामागची. ही काळी तार, न्यूट्रल, म्हणजे ती परतीची वाट. ती बंद झाली तर काय होईल? वरल्या गल्लीचा एवढा मोठा जमाव, त्याला परत तर जायचंय. तो मधल्या गल्लीच्या आणि तुमच्या घरातून घुसून वाट काढेल. तुमचं दार लहान, नऊ बल्बांचं. ते फुटलं. छगनभाऊंनी फोकस बंद केले, जमाव थांबला, तुमचं दार वाचलं. यात छगनभाऊंनी काहीच केलं नाही. तुम्हीही त्यांचा करंट ओढला नाही. वाट बंद झाली, बस."

नाना ऐकत होते. पटत होतं, आणि पटतंय याचाच राग येत होता. "मंग वाट कोनी बंद करी?"

"तेच बघायचंय."

खात्या काळ्या तारेच्या मागे मागे चालू लागला. वीणेच्या चौरंगाजवळ तो थबकला. लाल, पिवळी, निळी बांबूवरून सरळ पुढे गेलेल्या. काळी तिथून एकटीच वळून मागे गेलेली.

"मी चारही तारा एकत्र बांधल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "ही एकटी इकडे कोणी नेली?"

मंचामागे शोभेला उभा केलेला केळीचा खांब होता. चार दिवसांत तो सुकून बाहेरच्या बाजूला कलला होता, आणि त्याच्या पोटाशी काळी तार भगव्या फडक्यात गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेली. खांब कलला, त्याने तार ओढली, आणि चिनीमातीच्या कनेक्टरमधून तारेचं टोक निसटून उघडं लोंबत होतं.

सुतळीची गाठ दुहेरी फासाची होती. मिरचीचं पोतं बांधतात तशी.

श्रोतेहो, गाठ नानांनी ओळखली. पहिल्या दिवशीची सकाळ त्यांना आठवली. वीणेची स्थापना व्हायची होती. नानांनी वर पाहिलं तर वीणेच्या बरोबर डोक्यावर काळी तार. काळं! देवाच्या मांडवात, ते पण वीणेवर! लाल होती ती चालली, पिवळी चालली, निळी तर सावळ्याचाच रंग. पण काळं नको. खात्या मीटरकडे होता, त्याला हाक मारायचंही सुचलं नाही. नानांनी काठीने तार सोडवली, भगवं फडकं गुंडाळलं म्हणजे तिचा काळेपणा झाकला जाईल, आणि केळीला पक्की बांधून टाकली. हात जोडले. मग स्थापनेच्या गडबडीत ते विसरूनही गेले, जसं आपण एखादं चांगलं काम करून विसरतो तसं.

"ही गाठ कोणी मारली, नाना?" खात्याने विचारलं.

नानांनी इकडे तिकडे पाहिलं. मंचामागे दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"काय म्हाईत," ते म्हणाले. "लोके येतस, जातस."

खात्याने त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, टाळाचे दोन ठोके पडतील एवढाच. मग वाकून सुतळी सोडली, फडकं उलगडलं आणि पुढे केलं. "हे ठेवू, की टाकू?"

नानांनी फडकं घेतलं आणि बंडीच्या खिशात कोंबलं.

खात्याने तार सरळ करून पुन्हा तिघींबरोबर बांधली, स्क्रू आवळला, तपासला, परत आवळला. काळीला यंत्र लावलं. टुंई. मेन चालू केला. आठ फोकस झगझगले, उरलेले सात बल्ब समईसारखे पिवळे लागले, ट्यूबा गप्प तेवू लागल्या. माईकच्या मशीनचा जळलेला फ्यूज बदलला आणि तेही बोलू लागलं.

छगन आला, दोन चार मंडळी आली. "तं काई तार सुटेल व्हती," छगन म्हणाला. "म्हनजे ज्यानं बांधी त्यानीच चूक ना? पत्र खरं ठरनं, नाना."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. खात्या आपलं यंत्र पिशवीत भरत राहिला. नानांनी खिशातलं फडकं आणखी आत दाबलं.

त्या दिवशी नानांना सगळीकडे डोळे दिसू लागले. दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या माणसाला जेव्हा आपल्यावर कुणी संशय घेईल अशी भीती वाटते ना, तिला पारावार नसतो. छगन हसला, तर याने फडकं पाहिलं की काय? पुजाऱ्याने विचारलं, "नाना, आज गया काब्र बठेल शे?" तर हा गळ्याबद्दलच विचारतोय ना? पथारीवर गेले तर मजुरीण पोत्याला गाठ मारत होती, दुहेरी फासाची. नानांनी तोंड फिरवलं. आणि सर्वांत वाईट म्हणजे खात्या. खात्याला ठाऊक आहे, याबद्दल नानांना आता शंकाच नव्हती. मग तो बोलत का नाही? कशाची वाट बघतोय? की ऐन पत्र देताना, चारचौघांत बोलणार?

दुपारी ते स्वयंपाकाच्या छपरात गेले. दगूबाई चुलीपाशी एकटी होती. नानांनी खिशातून फडकं काढून तिच्यासमोर धरलं आणि सगळं सांगितलं, घडाघडा.

दगूबाईने ढवळणं थांबवलं नाही. "आनि तू त्याले सांगं, म्हाईत नही?"

"हाव."

"आनि तो काय बोलना?"

"काहीच नही. त्याले म्हाईत शे अक्का, तो मुद्दाम चूप शे. त्याना मनमा काय शे ते…"

"त्याना मनमा भूक शे!" दगूबाईने पळी भांड्यावर आपटली. "कालपासून त्या पोऱ्यानं भाकर तोडी नही. पानी पिस आनि तार दखस. तुले त्यानामाबी डाव दिखस का रे? वीना धरीसन तीस वरीस व्हयनात, काय ऐकं तू कीर्तनमा?"

"मंग मी काय करू?"

"माले काब्र सांगस? मी काय मांडव शे? मांडवमा जाईसन सांग."

संध्याकाळी हरिपाठाला मांडव भरला. मंडपवाल्याची जीप येऊन उभी राहिली. पत्र छगनच्या खिशात होतं. हरिपाठ संपला, आरती व्हायच्या आधी नाना वीणा घेऊन माईकसमोर आले. लोकांना वाटलं, आता सूचना सांगतील, उद्याचा प्रसाद कुणाकडे वगैरे. नानांनी दुसऱ्या हातात भगवं फडकं धरलं होतं. फडकं घासलं की वीणेच्या तारा आपोआप झंकारत होत्या आणि तो झंकार माईकवरून सगळ्या गावाला ऐकू येत होता.

"काई तार मी हालाडी," ते म्हणाले. "वीनावर काई तार नको म्हनीसन मी केयले बांधी. आठवन व्हयनी, तरी सकाये हाऊ पोऱ्या इचारे तं मी खोटं बोलनू. पत्र मन्हा हातनं शे, पाप भी मन्हं शे. याना काहीच दोस नही."

मग कुठूनतरी कुजबुज सुरू झाली, "नाना? नानानं करं?" नाना मान खाली घालून उभे. त्यांना आता फक्त छगनच्या आवाजाची भीती होती.

आणि छगनच उठला. तो पुढे आला, फडक्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं.

"नाना," तो म्हणाला, "मी आठ फोकस आनात तरी कोनी दखं नही. तुम्ही एक फडकावर बठ्ठा गावले दिवाई दखाडी!"

असा हशा झाला म्हणता! बायकांच्या बाजूने तर जास्तच. नानाही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. छगनने खिशातलं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. "फाडी टाका."

पण खात्या पुढे आला. "फाडू नका," तो म्हणाला.

नाना दचकले. इतक्या दिवसांची सवय. आता हा काय मागणार?

नाना वीणा दुसऱ्या विणेकऱ्याकडे सोपवून त्याच्या पाया पडायला वाकले, तर खात्याने त्यांचे दंड धरले. "नको. तुम्ही वडील. मला ते नको. तुम्ही ज्या हाताने ते पत्र लिहिलं, त्याच हाताने दुसरं लिहा. काय झालं ते जसंच्या तसं. तिन्ही गल्ल्यांच्या सह्या पाहिजेत. पहिलं पत्र लिहिलं होतं हे शहाद्यात कुणी ना कुणी सांगणारच आहे. बोलणं उडून जातं, नाना. मला कागद पाहिजे."

"आनि सकाये तू मन्हं नाव काब्र ल्हिनं नही?" नानांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना दिवसभर पोखरत होता.

खात्याने नानांच्या हातातल्या पत्राकडे बोट केलं. मग म्हणाला, "माझं कोणी ऐकलं असतं?"

त्यावर नानांनी कोरा कागद मागून घेतला.

तिथेच मंचाच्या काठावर बसून नानांनी पत्र लिहिलं. मी, हेमकांत, अमुक गावचा, काळी तार न विचारता हलवली. सप्त्याचे दिवे माझ्यामुळे बिघडले. खात्या जामसिंग पावरा याने ते शोधून नीट केले. काम चोख. छगनने पहिली सही केली, मधल्या गल्लीने केली, दगूबाईने पीठ लागलेला अंगठा शाईत बुडवून उठवला. मंडपवाल्याने चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. खात्याने मात्र ते दोनदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

नानांनी तारीख घातली. मग खात्याने तो कागद घडी करून लायसनच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आता तीन फोकस मधल्या लाईनवर, दोन खालच्या गल्लीवर घेऊ का? भार सारखा होईल."

नानांनी छगनकडे पाहिलं, छगनने नानांकडे. गावाच्या जन्मात असं झालं नव्हतं.

"ल्हे भो," नाना म्हणाले. "पन दोन फोकस बायकास्ना डोयावर नको लावजो."

"मन्हा फोकस शेतस," छगन म्हणाला, "जपीसन लाव."

आणि दगूबाईने छपरातून ओरडून सांगितलं, की आधी त्या पोऱ्याला जेवू घाला, फोकस कुठे पळून जात नाहीत. पत्रावळीवर भाकरी, तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा. खात्या जेवायला बसला तेव्हा नाना त्याच्यासमोर बसले. वाढायचं काम दुसऱ्याचं होतं, तरी उठून उठून वाढत होते.

तर मंडळी, महाराज आले वाटतं, पखवाजावर थाप पडली. उठा, पण एक मागणं आहे माझं. कीर्तनाच्या शेवटी आपण संतांची नावं घेतो, गुरूंची घेतो, गेलेल्यांची घेतो. घ्याच. त्यानंतर मनातल्या मनात एक नाव आणखी घ्या: खात्या जामसिंग पावरा, धडगावच्या वरच्या पाड्यावरचा. माझं कोणी ऐकलं असतं, असं तो म्हणाला होता. त्याची आठवण ठेवा.